ज्याला पकडून जहाजावर चढवायचं ठरलं होतं, त्याच्याच नावाने आपण आज ताप मोजतो

नागपूरचा पारा 45 वर गेला, असं आपण बातमीत वाचतो. आणि घरात कुणाला ताप आला की 102 झालाय म्हणतो. हवेला सेल्सिअस, अंगाला फॅरनहाइट. एकाच घरात दोन मोजपट्ट्या सुखाने नांदतायत. पण हा फॅरनहाइट नेमका होता कोण?

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइटचा जन्म 24 मे 1686 चा, डान्झिग शहरातला. म्हणजे आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क. घर व्यापाऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. पण ऑगस्ट 1701 मध्ये विषारी अळंबी खाण्यात आली आणि आईवडील दोघंही एकाच दिवशी गेले. डॅनियल तेव्हा 15 वर्षांचा होता.

ज्यांच्यावर त्याची जबाबदारी आली, त्यांनी त्याला अॅमस्टरडॅमला एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला धाडलं. हिशेब शिकेल, मार्गी लागेल, हा त्यांचा अंदाज. पोराचं लक्ष मात्र काचनळ्यांवर आणि तापमापकांवर. प्रयोगांसाठी त्याने वारशाच्या भरवशावर उधारी सुरू केली. पालक इतके वैतागले की याला पकडून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर चढवा, असं त्यांनी थेट सरकारदरबारी मागितलं. त्या काळी अशा सफरीवरून परत येण्याची खात्री कुणीच देत नसे.

डॅनियल निसटला आणि युरोपभर भटकत राहिला.

1708 मध्ये तो कोपनहेगनला ओले रोमर यांना भेटला. प्रकाशाला प्रवास करायला वेळ लागतो, हे दाखवून देणारे ते हेच. रोमर तापमापकावर खुणा कशा करतात, हे त्याने जवळून पाहिलं.

तोवर तापमापक नव्हते असं नाही. अडचण अशी की एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नसे. प्रत्येक कारागिराची पट्टी वेगळी, नळीची जाडी वेगळी. मग एका गावातली थंडी दुसऱ्या गावातल्या थंडीशी ताडून पाहणार कशी? 1714 मध्ये फॅरनहाइटने जर्मन विद्वान क्रिस्तियान वोल्फ यांना दोन तापमापक दिले. दोन्हींचे आकडे जवळपास तंतोतंत जुळले. आज यात काय विशेष असं वाटेल, पण वोल्फ इतके चकित झाले की त्यांनी त्यावर लेखच लिहिला.

ते दोन अल्कोहोलचे होते. पुढे त्याने पारा वापरला. अल्कोहोल पाण्याच्या आधीच उकळतं, पारा मात्र गोठणबिंदूच्या खूप खाली आणि उत्कलनबिंदूच्या खूप वर द्रवच राहतो, शिवाय प्रसरणही एकसारखं पावतो. पारा स्वच्छ करायची पद्धतही त्याने शोधली, नाहीतर तो काचेला चिकटायचा.

आता ते विचित्र 32. बर्फ, पाणी आणि नवसागराचं मिश्रण म्हणजे 0. बर्फ आणि पाणी म्हणजे 32. निरोगी माणसाचं अंग म्हणजे 96. 32 ते 96 यात अंतर 64 चं. 64 चे सहा वेळा निम्मे निम्मे भाग करत गेलं की एकेक अंश हाती येतो. हाताने नळीवर खुणा करणाऱ्या माणसाला याहून सोपं काय असणार? आपल्याला वेडावाकडा वाटणारा आकडा कारागिराच्या सोयीतून आलाय.

पाणी न हलवता थंड केलं तर गोठणबिंदूखालीही ते द्रव राहू शकतं आणि धक्का लागताच त्याचा बर्फ होतो, हे त्याने 1721 मध्ये टिपलं. हवेचा दाब बदलला की पाणी उकळण्याचं तापमानही बदलतं, हेही दाखवलं. 1724 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. पदवी एकही नसलेल्या माणसाला!

आज तापमान मोजायला हिरासुद्धा वापरतात. हिऱ्यात कार्बनचा एक अणू गायब असतो आणि शेजारी नायट्रोजनचा अणू बसलेला असतो, अशी एक जागा असते. तिच्यावर हिरवा लेसर टाकला की ती लाल चमकते. सुमारे 2.87 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी दिल्या की ही चमक कमी होते आणि तापमान बदललं की ही वारंवारताही किंचित सरकते. 2013 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी असे अतिसूक्ष्म हिरे जिवंत मानवी पेशीत सोडून आतलं तापमान मोजलं. फॅरनहाइटला खूण नळीवर करावी लागे, इथे ती अणूंच्या रचनेतच आहे.

शेवटच्या दिवसांत तो सखल जमिनीतलं पाणी उपसणाऱ्या यंत्राच्या मागे होता. त्याच्या पेटंटसाठी हेगला गेला, तिथे आजारी पडला आणि 16 सप्टेंबर 1736 रोजी वयाच्या 50 व्या वर्षी वारला. लग्न केलेलं नव्हतं.

त्याच्यानंतर पाण्याचा उत्कलनबिंदू 212 वर पक्का केला गेला आणि पट्टी जरा सरकली. म्हणून त्याचं 96 आज 98.6 झालंय. 1742 मध्ये स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने शंभर अंशांची पट्टी मांडली. गंमत म्हणजे तिच्यात पाणी 0 ला उकळायचं आणि 100 ला गोठायचं. ती सरळ करायचं काम नंतरच्या लोकांनी केलं.