ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्तीफन्स

सातारा-सांगली भागातील आपल्या धर्मग्रामांत गोवा, मंगळूर, वसई अशा ठिकठिकाणांहून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे आहेत. बाजारात दोन शब्द बोलताच, आपण मूळचे कोठले, हा प्रश्न त्यांस चुकत नाही. खानापूर-आटपाडीकडील आपले गलाईवाले सोने गाळण्याच्या धंद्यापायी परप्रांतांत जातात, त्यांसही हाच प्रश्न ऐकावा लागतो. म्हणून ज्युबिलीच्या या स्मरणिकेत आम्ही अशा एका परदेशीयाचे चरित्र देत आहो, ज्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या जीवितकार्याने दिले.

थॉमस स्तीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या त्या राज्यात कॅथोलिक धर्म उघडपणे पाळणे संकटाचे होते. त्यांचे स्नेही थॉमस पाऊंड यांस त्यापायी दीर्घ बंदिवास घडला. स्तीफन्स रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघून ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. स्वदेशात धर्मामुळे परके, पोर्तुगीजांत इंग्रज म्हणून परके, आणि साष्टीच्या खेड्यापाड्यांत तर सर्वस्वी परके! नावदेखील बदलून पाद्री एस्तेव्हांव झाले.

१५८३ साली न्यूबेरी, फिच आदी चार इंग्रजांस ओर्मुझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकण्यात आले. ते हेर असावेत असा संशय होता. फादर स्तीफन्स यांनी त्यांच्यासाठी रदबदली केली आणि त्यांची जामिनावर सुटका झाली. ज्या देशात आपल्या धर्मास थारा नव्हता, त्याच देशाची ही माणसे. तथापि अडचणीत सापडलेल्या परक्याची व्यथा ते जाणून होते. पुढील वर्षी फिच गोव्यातून निसटून बेळगाव-विजापूरच्या वाटेने गेला. आपला सातारा-मिरजेचा मुलूखही त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीतच होता.

फादर स्तीफन्स यांनी कोंकणी व मराठी या भाषा परिश्रमाने आत्मसात केल्या. त्या काळी गोव्यात देवळे पाडली गेली होती आणि जुन्या पुराणांस मनाई झाली होती. हा कठोर इतिहास झाकून ठेवणे उचित नव्हे. जुनी पुराणे गेली, तर त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असे नवख्रिस्ती विचारीत. फादरांनी त्या प्रश्नाचा राग मानला नाही. त्यांनी आपल्या संतांचा ओवीछंद स्वीकारून सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले, आणि त्यात मराठीची थोरवी रत्नांच्या व फुलांच्या उपमा देऊन गाइली. १६१६ साली तो ग्रंथ रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. १६१९ साली गोव्यातच त्यांचे देहावसान झाले. त्यांचे कोंकणी व्याकरण १६४० साली प्रसिद्ध झाले.

इंग्लंडात जन्मलेल्या या माणसाने चाळीस वर्षे येथे सेवा केली, आणि आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांस आपलेच म्हणून गणतात. धर्मग्रामस्थहो, रविवारी मिस्सेस कोणी नवखा अडखळत्या मराठीत प्रार्थना म्हणू लागला, तर त्याचे गाव विचारण्यापूर्वी त्यास आपल्या बाकावर जागा द्यावी. या ज्युबिली वर्षात परमेश्वर आपणां सर्वांस तशी बुद्धी देवो.