लेखणीची किंमत

शिक्रापूरहून पुण्याच्या वाटेला लागले की सणसवाडी, कोरेगाव भीमा मागे पडते आणि भीमेचा पूल ओलांडताच विजयस्तंभ दिसतो. दरवर्षी १ जानेवारीला लाखो बांधव मानवंदना द्यायला येतात. परतताना हातात भाकरीच्या पिशवीबरोबर पुस्तकेही असतात. ही पुस्तके लिहिणाऱ्या महामानवाने त्यांची किंमत काय मोजली, याचा विचार आम्ही कितीदा करतो?

बाबासाहेब या स्तंभापाशी १ जानेवारी १९२७ रोजी आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडचे चवदार तळे झाले आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघाले. रणांगण आणि लेखणी त्यांनी कधी वेगळी मानली नाही. त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ‘मूकनायक’ सुरू झाले होते. बाबासाहेब शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले आणि पुढे ते पत्र बंद पडले. ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याने भरावे लागत, तेही बिनपगारी. वर्गणीदार गरीब, जाहिराती नाहीत. १९२९ मध्ये हेही पत्र थांबले. पण बाबासाहेब थांबले नाहीत. १९३० मध्ये ‘जनता’ आले आणि १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

आम्ही वकिली करतो, म्हणून एक गोष्ट आम्हाला नीट कळते. पक्षकाराच्या कागदांवर घालवलेल्या रात्रीची फी मिळते, अग्रलेखावर घालवलेल्या रात्रीची मिळत नाही. बॅरिस्टर आंबेडकरांना सुखाचा संसार करता आला असता. पण पुस्तकांची ओढ जबर होती. १९१७ मध्ये परदेशातून पाठवलेली त्यांची पुस्तके जहाजाबरोबर समुद्रात बुडाली. तरी माणूस खचला नाही. पुन्हा ग्रंथ जमवले आणि त्यांच्यासाठी दादरला ‘राजगृह’ बांधले.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला त्यांच्या भाषणातले विचार पेलवले नाहीत आणि संमेलनच रद्द झाले. बाबासाहेबांनी एक ओळही बदलली नाही. स्वखर्चाने दीड हजार प्रती छापल्या. व्यासपीठ नाकारले गेले, पण विचार घरोघरी गेला. लेखणीची खरी मोहिनी ती हीच!

शेवटची वर्षे शरीराच्या छळाची होती. मधुमेह, पायांच्या वेदना, मंदावलेली दृष्टी. त्यातच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्ध होत होता. छपाईला पैसा कमी पडला, तेव्हा सरकारने सुमारे ५०० प्रती विकत घ्याव्यात, असे पत्र त्यांनी १४ सप्टेंबर १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंना लिहिले. नकार आला. राज्यघटनेच्या शिल्पकाराला आपल्या ग्रंथासाठी असे पत्र लिहावे लागले, ही देशाला लाज आणणारी बाब नाही काय? ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी ग्रंथाची प्रस्तावना उशाशी मागवून घेतली होती. ६ डिसेंबरला परिनिर्वाण झाले. छापलेला ग्रंथ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते, तो १९५७ मध्ये आला.

किती हस्तलिखिते पुढे वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिली! वसंत मून यांनी संपादित केलेला पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. खंडांची छपाई रखडली म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. छपाईबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण घरातला खंड कपाटात बंद असेल, तर जाब कोणाला विचारायचा?

या १ जानेवारीला स्तंभापाशी पुस्तक जरूर विकत घ्या. पण फोटोसाठी नको, वाचण्यासाठी घ्या. त्यातल्या प्रत्येक पानासाठी एका माणसाने आपली झोप, पैसा आणि देह खर्ची घातला आहे. ते कर्ज वाचूनच फेडता येईल. जयभीम!