प्रेमचंद रायचंद : भाव आणि बाजार

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आपण पाहिला असेल. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे.

सुरतेत जन्मलेले प्रेमचंद मुंबईत दलाल म्हणून नावारूपास आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. हा पैसा शेअरांकडे वळला. बॅक बे भरणी कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० च्या वर गेला. समुद्र अजून हटलाही नव्हता! पण शेजारी श्रीमंत होताना पाहून स्वस्थ कोण बसणार? शिवाय प्रेमचंदांचा शब्द हेच लोकांना तारण वाटे. बँक ऑफ बॉम्बेनेही त्यांच्या भरवशावर सढळ कर्जे दिली. मराठीत किंमत आणि भावना या दोहोंना ‘भाव’ हा एकच शब्द आहे, हे येथे आपण ध्यानात घ्यावे.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस घसरला. १ जुलैला वायद्यांची मुदत भरली, तेव्हा देणी फेडण्यास कोणाकडेच पैसा नव्हता. भीती हावेपेक्षाही वेगाने पसरली. असंख्य घरे बुडाली, पुढे बँकही बुडाली आणि प्रेमचंदांचेही दिवाळे निघाले. ते पुन्हा दलालीत उतरले, पण पूर्वीचे वैभव परतले नाही. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मनोऱ्याची देणगी मात्र १८६४ मधली, भर तेजीतली. त्याचे बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा तो बाजार कोसळून तेरा वर्षे लोटली होती.