भूक ओळखणारी आई



झाशीच्या जुन्या तटाला जे दरवाजे आहेत त्यांपैकी एक खंडेराव दरवाजा. बुंदेलखंडातील हे मराठमोळे नाव वाचून आपणांस राणी लक्ष्मीबाईंचे स्मरण होईल. मला मात्र त्या तटाभोवतीची कोरडी शेते आठवतात. १८९५ साली याच प्रदेशात पावसाने दगा दिला. दुष्काळ तेथून पसरत गेला आणि १८९७ पर्यंत त्याने मध्य प्रांतही ग्रासला. त्या उपाशी मुलुखात एक विधवा स्त्री अनाथ मुली शोधीत फिरली. ती पंडिता रमाबाई.

भूक तिने ग्रंथांतून जाणली नव्हती. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण १८७० नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. पुढील विवाह, वैधव्य, १८८३ मधील इंग्लंडातील बाप्तिस्मा हे सारे आपणांस ठाऊक आहेच.

अमेरिकेतील एक गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. १८८६ नंतर रमाबाईंनी तेथे बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. लहान मुलाने गावे, खेळावे, हातांनी काही घडवावे, रोप लावावे, यातूनच ते शिकते, हा फ्रोबेल यांचा विचार त्यांनी सोबत आणला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले.

दुष्काळातून सुमारे तीनशे मुली आल्या, तेव्हा पुण्यात प्लेग होता. त्यांना केडगावच्या शेतावर नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. फळझाडांसाठी घेतलेली ती शंभर एकर जमीन! हाडांचे सापळे झालेल्या लेकरांपुढे एकदम भरले ताट ठेवता येत नाही. रिकाम्या देहावर अन्नाचा असा भार पडला तर रक्तातील क्षार ढळतात आणि जीवही जातो, हे आज वैद्यक सांगते. थोडे थोडे, वेळेवर, धीराने भरवावे लागते. तरीही कित्येक मुली वाचल्या नाहीत.

ज्या वाचल्या त्यांना केवळ पंगतीत बसवून ठेवले गेले नाही. शेत, विहिरी, गुरे, दूधदुभते, तेलाचा घाणा, माग, यांतून हातपाय चालू लागले. धाकट्यांसाठी बालोद्यानाचा वर्ग होता. (आपल्या मंडळ्यांच्या बालवाड्यांत खिचडी शिजते, पण धावायला अंगण किती ठिकाणी आहे?) धान्य आणि भाजी जेथे पिकत होती तेथेच मूल वाढत होते. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या तोंडांना रोज पाणी पाजणे हेच केवढे काम! विहिरी खणल्या गेल्या त्या याच गरजेतून.

बायबल भाषांतराच्या कामात माझी उमर गेली. म्हणून त्यांच्या भाषांतराविषयी लिहिण्याचा मोह होतो. तूर्त इतकेच, की त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई केडगावीच प्रभूच्या घरी गेल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.