धर्मनिष्ठ राणी हेलेना

चैत्री पौर्णिमेस आपल्याकडे हनुमान जन्मोत्सव होतो. बहुधा याच पौर्णिमेस यहुदी लोकांचा वल्हांडण, म्हणजे पेसाह हा सण येतो. तो आपणांस अगदीच परका नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्या बेने इस्राएल लोकांनी तो आपल्याच भूमीत पाळला. या सणाची पोथी मराठी अर्थासह पुण्यात १८७४ साली छापली गेली, आणि पुढे आपल्या धर्मग्रंथांतील आख्याने मराठी कीर्तनांतून गाण्याची प्रथाही त्या समाजाने सुरू केली.

मिसर देशातील दास्यातून पूर्वज मुक्त झाले, त्याचे हे स्मरण. घरातील खमिराचा कण न् कण झाडून काढावयाचा, सणभर बेखमीर भाकरी खावयाची, पहिल्या रात्री कडू भाजी खाऊन दास्याची कटुता जिभेवर आणावयाची आणि मुलाबाळांना मुक्तीची कथा सांगावयाची, असा हा आचार आहे. ज्यांचे पूर्वज त्या दास्यात होते त्यांना तो वारशाने मिळतो. परंतु जो बाहेरून आला त्याचे काय? मोशेच्या धर्मशास्त्राने याचा निर्णय दिला आहे. परक्याला वल्हांडण पाळावयाचा असेल तर त्याच्या घरातील पुरुषांनी सुंता करून घ्यावी. मग तो देशीच्याच बरोबरीचा, दोघांना नियम एकच. या एका नियमापायी सिंहासन पणाला लावणाऱ्या राजघराण्याची माता, राणी हेलेना, हिचे चरित्र आज पाहू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात टायग्रिस नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या इराकमधील एर्बिलच्या परिसरात, अदियाबीन नावाचे राज्य होते. तेथील राजा मोनोबाझ याची हेलेना ही राणी. तिचा पुत्र इझातेस पित्याचा विशेष लाडका. म्हणून भाऊबंदांच्या मत्सरापासून दूर राहावा यासाठी त्याला परराज्यात ठेवले होते. तेथे हनन्या नावाच्या यहुदी व्यापाऱ्याकडून त्याला एकेश्वराच्या उपासनेचे ज्ञान झाले. योगायोग असा की, इकडे राजधानीत हेलेनेनेही दुसऱ्या एका यहुदी गुरूकडून तोच मार्ग स्वीकारला होता. मातापुत्रांपैकी एकाला दुसऱ्याची वार्ता नव्हती.

राजाच्या निधनानंतर सरदारांनी इझातेसला गादी देण्याचे मान्य केले. त्याच्या भावांना ठार करण्याचाही सल्ला त्यांनी दिला. हेलेनेने तो रक्तपात टाळला आणि तो येईपर्यंत थोरल्या मुलाच्या हाती राज्य सोपविले. त्यानेही भाऊ येताच मुकुट त्याच्या स्वाधीन केला.

खरी परीक्षा पुढेच होती. इझातेसला सुंता करून धर्मदीक्षा पूर्ण करावयाची होती, पण हेलेना घाबरली. परकीयांचे विधी पाळणारा राजा प्रजा सहन करणार नाही, अशी तिची भीती होती. हनन्यानेही तिचीच बाजू घेतली. सुंतेवाचूनही ईश्वराची भक्ती घडते, असे त्याने राजाला समजावले. इतक्यात गालील प्रांतातून एलाझार नावाचा शास्त्रनिष्ठ पंडित आला. राजा मोशेचे धर्मशास्त्र वाचीत बसलेला त्याला दिसला. जे वाचतोस ते करीत नाहीस, हाच मोठा अपराध होय, असे त्याने राजाला निक्षून बजावले. राजाने त्याच दिवशी विधी उरकला. मातेची भीती खोटी नव्हती. पुढे सरदारांनी कट केले, शेजारच्या राजांना चालून येण्यास बोलावले. तथापि इझातेसचे राज्य टिकले.

पुत्राचे राज्य स्थिर झालेले पाहून हेलेना सुमारे इ. स. ४६ मध्ये यरुशलेमच्या मंदिराच्या दर्शनास निघाली. पोहोचते तो तेथे दुष्काळ! अन्नावाचून माणसे मरत होती. राणीने तत्काळ सेवक पाठवून इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर खरेदी करविले आणि भुकेल्यांना वाटले. इझातेसनेही मोठी रक्कम धाडली. क्लॉडियस बादशहाच्या त्या अमदानीतील अशाच एका टंचाईत, बेखमीर भाकरीच्या सणात, मंदिरात पिठाच्या राशी येऊन पडल्या असता एकाही पुरोहिताने त्यातील कण तोंडात घातला नाही, अशी नोंद इतिहासकार जोसीफसने केली आहे. अशा कडक नियमांच्या लोकांत ही परकी राणी राहावयास आली होती.

ती त्यांच्याहून उणी पडली नाही. पुत्र युद्धातून सुखरूप परतला तर सात वर्षे नाझीर व्रत पाळीन, असा तिचा नवस होता. या व्रतात द्राक्ष व मद्य वर्ज्य, केस कापावयाचे नाहीत, प्रेताचा स्पर्श नाही. सात वर्षे पुरी करून ती यरुशलेमला आली, तेव्हा पंडितांनी पवित्र भूमीत ती पुन्हा मोजावी लागतील असा निर्णय दिला. राणीने मान तुकविली. दुसरी सात वर्षे संपता संपता विटाळ झाला आणि व्रत एकवीस वर्षांवर गेले, असे परंपरा सांगते. चौदाच वर्षे झाली, असेही एक मत आहे.

तिच्या घराण्याचा नित्याचारही असाच काटेकोर होता. दाराच्या चौकटीवर शास्त्रवचनांची गुंडाळी लावण्याची यहुदी रीत आहे. प्रवासात मुक्काम पडला की तेथे ती लावण्याचे बंधन नसताही हे राजकुटुंब काठीला ती बांधून सोबत ठेवी. हेलेनेने मंदिराच्या द्वारावर सुवर्णदीप अर्पण केला होता. सूर्य उगवताच त्यावर किरणे चमकत आणि प्रातःप्रार्थनेची वेळ झाली हे लोकांना कळे.

इ. स. ५५ च्या सुमारास इझातेस वारला. वृद्ध माता स्वदेशी परतली, पण पुत्रशोकाने फार दिवस जगली नाही. थोरल्या मुलाने दोघांच्या अस्थी यरुशलेमला पाठविल्या. नगराच्या उत्तरेस तिने स्वतः बांधविलेल्या समाधिस्थानी त्या विसावल्या. १८६३ साली तेथे उत्खनन होऊन ‘राणी’ असा उल्लेख कोरलेली एक शवपेटी सापडली. ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

जो आचार आपल्याला जन्माने मिळाला त्याचे मोल आपणांस सहसा कळत नाही. पोथी नित्य वाचली जाते, पण तीत सांगितलेले एखादे व्रत, एखादे अन्नदान हातून घडायचे राहून जाते. हेलेनेला काहीच वारशाने मिळाले नव्हते. तिने जे मिळविले ते आचरून मिळविले. चैत्री पौर्णिमेला देवासमोर नैवेद्य ठेवताना दाराशी कोणी उपाशी नाही ना, एवढे पाहिले, तरी या राणीचे चरित्र ऐकल्याचे सार्थक होईल.