हाडांची लिपी वाचणारा शास्त्रज्ञ

प्राणी मेल्यावर त्याची कातडी नाहीशी होते, मांस कुजून जाते; परंतु हाडे मागे उरतात. तो प्राणी धावणारा होता की पोहणारा, झाडावर चढणारा होता की आकाशात उडणारा, याची नोंद त्या हाडांत राहिलेली असते. ही नोंद कशी वाचावी, हे ज्याने जगाला दाखवून दिले, तो फ्रेंच शास्त्रज्ञ म्हणजे झॉर्झ क्यूव्ह्ये.

क्यूव्ह्ये याचा जन्म २३ ऑगस्ट १७६९ रोजी माँबेल्यार या गावी झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. त्या काळी ते एका जर्मन राज्याच्या ताब्यात होते. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर घर चाले. आईने मुलाच्या शिक्षणाकडे जातीने लक्ष दिले व त्याला चित्रकलेची गोडी लावली. लहानपणी ब्यूफाँ या निसर्गपंडिताचे ग्रंथ त्याच्या हाती पडले. त्यांतील प्राण्यांची चित्रे तो उतरवून घेई आणि वर्णन वाचून ती रंगवी. डोळे उघडे ठेवून पाहण्याची सवय त्याला येथेच लागली.

पुढे तो स्टुटगार्ट येथे शिकला. परंतु शिक्षण संपल्यावर मनाजोगे काम मिळेना. शेवटी १७८८ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात एका सरदाराच्या मुलाला शिकविण्याची नोकरी त्याने पत्करली. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. त्या धामधुमीतही हा तरुण समुद्रावर सापडणारे जीव गोळा करी, त्यांचे विच्छेदन करी आणि आतील रचनेची चित्रे काढी. त्याच्या या कामाची वार्ता पॅरिसच्या विद्वानांपर्यंत पोहोचली आणि १७९५ साली तेथील प्रसिद्ध निसर्ग-संग्रहालयात त्याला काम मिळाले.

तेथे निरनिराळ्या प्राण्यांचे सांगाडे शेजारी ठेवून तो त्यांची तुलना करू लागला. शरीराचा प्रत्येक अवयव इतर अवयवांशी आणि त्या प्राण्याच्या राहणीशी जुळणारा असतो, हे त्याच्या ध्यानी आले. तुम्हीही हे पडताळून पाहा. आपला तळहात वर करा, मग खाली करा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात; त्यांतील एक दुसऱ्यावरून फिरते, म्हणून हात वळतो. मांजराचा पंजाही असाच वळतो. भक्ष्य पकडताना त्याचा उपयोग होतो. घोड्याच्या पुढच्या पायात मात्र ही दोन हाडे एकजीव झालेली असतात. त्याला काही पकडावयाचे नसते. धावताना पाय मुरगळू नये, हेच त्याच्या हिताचे असते.

१७९६ साली क्यूव्ह्ये याने हत्तींच्या दातांची व जबड्यांची तुलना करून दाखविले, की सैबेरियात सापडणारी मॅमथची हाडे आजच्या कोणत्याही हत्तीची नाहीत. तो प्राणी पृथ्वीवरून नष्ट झाला आहे. एखादी जात समूळ नाहीशी होते, हे त्या काळी पुष्कळांना पटत नसे.

त्याच्या विद्येची खरी कसोटी पुढेच होती. जर्मनीतील चुनखडीच्या दगडात एक चमत्कारिक सांगाडा सापडला होता. कोलिनी या अभ्यासकाने १७८४ साली त्याचे वर्णन व चित्र प्रसिद्ध केले. तो समुद्रातील प्राणी असावा, असा त्याचा तर्क होता. क्यूव्ह्ये याने ते चित्र बारकाईने न्याहाळले. कवटी व जबडे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वळणाचे होते. परंतु पुढच्या अवयवाचे एकच बोट विलक्षण लांब होते. एवढे लांब बोट चालावयास निरुपयोगी! मग ते कशासाठी? पंखाचा पातळ पडदा ताणून धरण्यासाठीच. १८०१ साली त्याने सांगितले, की हा उडणारा सरपटवर्गीय प्राणी आहे. कोणी त्याला पक्षी ठरविले, कोणी वटवाघळासारखा प्राणी मानले. पण क्यूव्ह्ये आपल्या मतावरून ढळला नाही. पुढे सापडलेल्या अवशेषांनी त्याचेच म्हणणे खरे ठरविले. पंख आणि बोट या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून त्याने त्या प्राण्याला 'टेरोडॅक्टिल' हे नाव दिले.

परंतु मोठी माणसेही चुकतात. इंग्लंडमध्ये सापडलेला एक दात १८२३ साली त्याला दाखविण्यात आला, तेव्हा तो गेंड्याचा असावा, असे त्याने सांगितले. वस्तुतः तो एका प्रचंड, वनस्पती खाणाऱ्या सरपटवर्गीय प्राण्याचा होता. अधिक पुरावा पाहताच १८२४ मध्ये त्याने आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. प्राण्यांच्या जाती कधीच बदलत नाहीत, हे त्याचे मतही पुढील संशोधनात टिकले नाही.

क्यूव्ह्ये याला मानसन्मान पुष्कळ मिळाले. पण त्याची चारही अपत्ये त्याच्या हयातीतच गेली. हे दुःख पोटात घालून तो अखेरपर्यंत काम करीत राहिला. १३ मे १८३२ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले.

त्याने हाडांचा बाह्य आकार वाचला. पुढील शास्त्रज्ञ हाडाच्या आत शिरले. हाडाच्या टोकांशी आतून बारीक जाळी असते. ज्या दिशेने भार पडतो, तिला अनुसरून या जाळीचे तंतू रचले जातात, असा नियम युलियुस वोल्फ या जर्मन वैद्याने १८९२ साली मांडला. आज क्ष-किरणांच्या साहाय्याने, हाड न फोडता, ती जाळी पाहता येते आणि लाखो वर्षांपूर्वीचा प्राणी कसा चालत असेल, याचा अंदाज बांधता येतो. एका गरीब घरातील मुलाने चित्रे रंगविता रंगविता गिरविलेली ही विद्या अशी आजही वाढतच आहे.

स्वाध्याय
१. मांजराच्या व घोड्याच्या पुढच्या पायांतील हाडांत कोणता फरक आहे? तो कशामुळे?
२. टेरोडॅक्टिल उडत असे, हे क्यूव्ह्ये याने कशावरून ओळखले?
३. चूक मान्य करण्यात क्यूव्ह्ये याचा कोणता गुण दिसून येतो?