दाढदुखीची संत अपोलोनिया

रात्रभर दाढ ठणकली की माणसाला देव आठवतो. युरोपातील भाविकांना अशा वेळी शतकानुशतके संत अपोलोनिया आठवत आली. तिचा सण ९ फेब्रुवारीला येतो. चित्रांत ती तरुण, सुंदर दिसते. हातात चिमटा आणि चिमट्यात एक दात. सेमिनरीत असताना आम्हीही तिला अशीच पाहिली होती. मूळ हकिगत मात्र वेगळी आहे.

ती तरुण नव्हती. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरातली ती एक वयोवृद्ध कुमारिका होती. इ.स. २४९ च्या सुमारास, सम्राट फिलिपच्या कारकिर्दीच्या अखेरीस, तेथे ख्रिस्ती लोकांविरुद्ध दंगल उसळली. छळाचा सरकारी हुकूम अजून निघायचा होता. हे काम जमावाचे होते. मेट्रास नावाचा म्हातारा आणि क्विंता नावाची स्त्री आधीच मारली गेली होती. जमावाने अपोलोनियाला धरले आणि जबड्यावर ठोसे मारून तिचे सगळे दात पाडले. मग नगराबाहेर सरण रचले आणि आपल्यामागून देवनिंदेचे शब्द म्हटले नाहीत तर जिवंत जाळू, अशी धमकी दिली. तिने क्षणभर मोकळे सोडण्याची विनंती केली. पकड सैल होताच तिने स्वतःहून आगीत उडी घेतली. तिचेच बिशप दिओनिसियस यांनी हे सारे अँटिओकच्या बिशपांना पत्राने कळवले आणि इतिहासकार युसेबियस यांनी ते जपून ठेवले.

ही उडी तत्त्वज्ञान शिकलेल्या आम्हाला सहज पचत नाही. आपला जीव आपण घ्यायचा नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण. छळाच्या काळात नदीत उड्या घेतलेल्या स्त्रियांचा प्रश्न संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथात हाताळला. त्यांनी शिकवणीला मुरड घातली नाही, पण त्या स्त्रियांना दोषीही ठरवले नाही. त्यांना देवाचीच आज्ञा झाली असेल, ही शक्यता मोकळी ठेवली. त्यापुढे जाण्याचे धाडस आम्हाला होत नाही.

मग चिमटा कुठून आला? ठोशांना चिमटा लागत नाही! मध्ययुगात दात उपटण्याचे काम न्हावी आणि जत्रेतले दातकाढे करीत, तेही भूल न देता. पंधराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार झां फूके यांच्या चित्रात तिला बांधून लांबलचक चिमट्याने तिचे दात उपटले जात आहेत. आम्हाला वाटते, लोकांनी आपलीच भीती तिच्या तोंडावर रंगवली. पॅरिसच्या पिएर फोशार यांनी दंतवैद्यकाला शास्त्राची शिस्त लावणारा ग्रंथ १७२८ साली छापला. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स यांनी लाफिंग गॅस हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली ती १८४४ साली. तोपर्यंत चिमट्याखाली बसलेला माणूस या म्हातारीचे नाव घेत असे. दंतवैद्यांची आश्रयदाती संत आजही तीच आहे.